जुन्या अ‍ॅनिमेमधले मास्तर आणि त्यांची वाया गेलेली पोरं (जीटीओ, गोकुसेन वगैरे)

जुनी_कॅसेट

बरेच दिवस या विषयावर धागा काढायचा मनात होतं. नवीन अ‍ॅनिमेवर (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) इथे धो धो चर्चा होते, पण २००० च्या आगेमागे जे मास्तर-बाई लोक येऊन गेले त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. म्हटलं आपणच काढू धागा. (कथानक फुटेल, ज्यांनी बघितलं नाहीये त्यांनी जपून वाचा.)

सुरुवात अर्थात जीटीओपासून, म्हणजे ग्रेट टीचर ओनिझुका. तोरू फुजिसावाचा मांगा (जपानी चित्रकथा) १९९७ ते २००२ चालला, २५ खंड, १९९८ मध्ये त्याला कोदानशा प्रकाशनाचा मांगा पुरस्कार मिळाला. अ‍ॅनिमे पिएरो स्टुडिओचं, जून १९९९ ते सप्टेंबर २०००, ४३ भाग. दिग्दर्शक नोरियुकी आबे, ज्याने पुढे ब्लीच केलं. सुरुवातीचं गाणं लार्क आँ सिएलचं 'ड्रायव्हर्स हाय', ते वाजलं की अजूनही मी हातातलं काम सोडतो.

गोष्ट थोडक्यात अशी की एइकिची ओनिझुका, वय २२, पूर्वी मोटरसायकलवाल्या टोळीचा म्होरक्या, कुठल्यातरी अगदीच सुमार कॉलेजातून कसाबसा पास झालेला, याला मास्तर व्हायचंय. आणि त्याला वर्ग मिळतो ३-४ (तिसऱ्या वर्षाची चौथी तुकडी), जिथली पोरं आधीच्या वर्गशिक्षकांना ठरवून, प्लॅनिंग करून पळवून लावत आलेली आहेत.

आता माझा मुद्दा. ही मालिका 'बिघडलेल्या मुलांना वठणीवर आणणारा मास्तर' अशी सांगितली जाते, आणि ते मला पटत नाही. ओनिझुका कोणाला वठणीवर आणतच नाही हो. तो दरवेळी एकच काम करतो, हे पोरगं असं कोणामुळे झालं ते शोधतो आणि त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि जवळजवळ दरवेळी तो माणूस मोठाच निघतो, कधी आईबाप, कधी जुना शिक्षक. कानझाकी उरुमी घ्या. बुद्ध्यांक २०० च्या वर, वर्गातली सगळ्यात घातकी डोक्याची पोरगी, पण तिचं मूळ काय तर लहानपणी जिच्यावर जीव टाकला त्या बाईंनी तिच्या जन्माची गोष्ट भर वर्गात उघड केली. एवढंच. तिथून पुढे सगळे शिक्षक शत्रू.

आणि पहिल्या भागातली ती भिंत! ओनिझुका अजून नीट नोकरीलाही लागलेला नाही, प्रशिक्षणार्थी म्हणून एका शाळेत गेलाय. मिझुकी नानाको नावाची मुलगी त्याला सांगते की आमच्याकडे पैसा नव्हता तेव्हा आम्ही तिघं एका खोलीत झोपायचो, मग पैसा आला, मोठं घर आलं, आणि आता आईच्या आणि बाबांच्या खोलीमध्ये एक भिंत आहे आणि जेवायलाही कोणी एकत्र बसत नाही. दुसरा कोणी असता तर समुपदेशन केलं असतं. हा रात्री तिच्या घरी घण घेऊन जातो, आईबाप बघत राहतात, आणि ती भिंत फोडतो. विटा पडतायत, धुरळा उडालाय, आणि ती पोरगी बघतेय की माझं म्हणणं कोणीतरी शब्दशः खरं मानलं. भाषण नाही, उपदेश नाही. मला वाटतं अख्खी मालिका त्या एका दृश्यात आहे, पुढचे ४२ भाग त्याचाच विस्तार.

तुम्हाला कोण आवडतं, कोण नाही, का, सविस्तर लिहा.

रानजाई

मस्त धागा, वाचनखूण साठवली. भिंतीच्या दृश्याला +१००.

मी मात्र गोकुसेनच्या बाजूने. कोझुएको मोरिमोतोचा मांगा २००० ते २००७, आणि अ‍ॅनिमे २००४ चं, मॅडहाउस स्टुडिओचं, फक्त १३ भाग, एका शनिवार-रविवारात होतं. यामागुची कुमिको उर्फ यानकुमी, दोन वेण्या, चष्मा, ट्रॅकसूट, शिरोकिन नावाच्या मुलांच्या शाळेत गणित शिकवते, आणि घरी आजोबा याकुझा (जपानी गुंडांच्या) टोळीचे प्रमुख. आईवडील लहानपणीच गेलेले, आजोबांनी आणि टोळीतल्या माणसांनी वाढवलेली. घरी सगळे तिला मालकीणबाई म्हणून वाकून नमस्कार करणार आणि शाळेत तीच बाई पोरांसमोर घाबरत घाबरत फळ्यावर समीकरण लिहिणार.

ओनिझुकापेक्षा मला ती जवळची वाटते कारण तिच्याकडे गमवायला काहीतरी आहे. ओनिझुकाची नोकरी गेली तर तो दुसरीकडे जाईल, त्याला ना घर ना दार, शाळेतच पथारी टाकतो. यानकुमीचं घराणं कळलं की ती संपली, पुन्हा कुठल्याच शाळेत उभं करणार नाहीत. तरी पोरगं अडचणीत सापडलं की ती वेण्या सोडते, चष्मा काढते आणि जाते. सावादा शिन हा वर्गातला सगळ्यात शांत आणि हुशार पोरगा, त्याला हे हळूहळू कळत जातं आणि तो गप्प राहतो, ते मला फार आवडतं. बाई पोरांना सांभाळते तसं पोरगंही बाईला सांभाळतंय.

खडूफळा

मी आठवी-नववीला शिकवते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच आहे असं समजून लिहिते.

जुनी कॅसेट, तुमचा मुद्दा आवडला, पण अर्धाच पटला. मूळ शोधायचं हे बरोबर, पण मूळ सापडल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला तास असतोच ना. साठ मुलं समोर असतात. ओनिझुका एका मुलाच्या मागे जातो तेव्हा उरलेल्यांचं काय चाललंय हे मालिका दाखवत नाही, आणि तो नीट बसून धडा शिकवताना किती वेळा दिसतो सांगा बरं? फार क्वचित.

पण एक गोष्ट फुजिसावाने अगदी बरोबर पकडलीये. वर्ग एकेकटा वाईट नसतो, वर्ग ठरवतो. ३-४ मध्ये कोणीतरी एकाने वैर धरलंय आणि बाकीचे त्याला साथ देतायत, काहीजण मनापासून, काहीजण एकटं पडू नये म्हणून. त्या वर्गातली आइझावा मियाबी शेवटपर्यंत का वाकत नाही? कारण एकेक मैत्रीण ओनिझुकाकडे गेली की तिला वाटतं ही माझी फितुरी. मास्तराबद्दल राग कमी आणि मैत्रिणींबद्दल जास्त. हे मी वर्गात बघितलंय. एकदा एका वर्गाने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं, हजेरीला सुद्धा कोणी 'उपस्थित' म्हणेना. मी प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारत बसले आणि काही उपयोग झाला नाही, कारण वेगळं बोलावलं की बाहेर गेल्यावर बाकीच्यांना हिशोब द्यावा लागतो. शेवटी वर्गातल्याच एका मुलीने सगळ्यांसमोर 'बास आता' म्हटलं तेव्हा ते सुटलं.

आणि त्याच वर्गातल्या योशिकावा नोबोरूचा भाग मी एकटीने बघू शकत नाही. मुलींची टोळी त्याला छळते, तो गच्चीवरून उडी मारतो. ओनिझुका त्याला झेलतो आणि खाली उपमुख्याध्यापकांची गाडी चेपते, तिथे सगळे हसतात, मला हसू येत नाही.

निशीकासाईकर

नमस्कार, मी तोक्योत राहतो (आयडीवरून कळलंच असेल, एदोगावा वॉर्डात आपले भारतीय बरेच आहेत), मुलगी इथल्याच सरकारी शाळेत जाते. थोडी इथली पार्श्वभूमी लिहितो, कारण त्याशिवाय या मालिका अर्ध्याच कळतात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला जपानच्या शाळांमध्ये, विशेषतः माध्यमिक शाळांमध्ये, प्रचंड हिंसा झाली. काचा फोडणं, शिक्षकांना मारणं, काही शाळांत पदवीदानाच्या दिवशी पोलीस बोलवावे लागायचे. त्याच काळात मोटरसायकल टोळ्याही शिखरावर होत्या, १९८२ च्या सुमारास पोलिसांच्या हिशोबाने ४०,००० च्या वर पोरं त्यात होती. ओनिझुका त्या जातीचा. शोनान म्हणजे कानागावाचा समुद्रकिनारा, तिथलं त्याचं टोळीतलं आयुष्य फुजिसावाने आधीच 'शोनान जुनाइ गुमी' मध्ये लिहिलंय, १९९० ते १९९६, ३१ खंड. म्हणजे जीटीओ सुरू झालं तेव्हा वाचकाला तो आधीच माहीत होता.

शाळांनी यावर काय केलं तर नियम वाढवले. केसांची लांबी, मोज्यांचा रंग, सगळं मोजून. शारीरिक शिक्षा इथे १९४७ च्या शिक्षण कायद्यानेच बंद आहे, पण प्रत्यक्षात मारकुटे मास्तर होतेच आणि पालकांचा त्यांना पाठिंबाही असायचा. बाहेरची हिंसा दबली आणि आत गेली, म्हणजे छळ सुरू झाला. १९८६ मध्ये तोक्योत एक प्रकरण गाजलं, एका मुलाची वर्गाने खोटी अंत्ययात्रा केली, शोकसंदेशाच्या कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या, आणि त्यात शिक्षकांच्याही सह्या होत्या. नंतर त्या मुलाने जीव दिला. योशिकावाची गोष्ट इथला प्रेक्षक बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात हे सगळं असतं. खडूफळाताई, तुम्हाला हसू येत नाही ते अगदी बरोबर आहे.

मग १९९७ ला कोबेमध्ये १४ वर्षांच्या मुलाने केलेले खून, त्यानंतर वर्गच्या वर्ग कोलमडतायत, शिक्षक बोलतोय आणि कोणी जागेवर बसत नाहीये अशा बातम्या. जीटीओ नेमकं त्या वर्षांत आलं. १९९८ ची फुजी टीव्हीवरची मालिका (ताकाशी सोरिमाची ओनिझुका झाला होता) इतकी चालली की शेवटच्या भागाला ३५.७ टक्के दर्शक होते. लोक नुसती करमणूक बघत नव्हते, प्रत्येकाच्या घरात त्या वयाचं पोर होतं.

अजून एक. सगळे याला हायस्कूल म्हणतात, पण मांगा आणि अ‍ॅनिमेमध्ये ३-४ हा माध्यमिकचा शेवटचा वर्ग आहे, आपला नववी, पोरं १४-१५ ची. वर सांगितलेल्या टीव्ही मालिकेत ते हायस्कूल केलं. हा फरक मोठा आहे कारण इथे सक्तीचं शिक्षण माध्यमिकला संपतं. गोकुसेनची पोरं खरोखर हायस्कूलची, त्यांचं नाव शाळा काढून टाकू शकते आणि नाव गेलं की कायद्याने कोणी परत घ्यायला बांधील नाही. म्हणून गोकुसेनमध्ये चोरीचा आळ आला, मारामारी झाली, की सारखी एकच टांगती तलवार असते, शाळेतून काढणार. यानकुमीची सगळी धडपड पोरांनी शाळेत राहावं यासाठी आहे. पहिला नंबर वगैरे तिला नकोच आहे.

बोंबील_फ्राय

निशीकासाईकर, काय प्रतिसाद लिहिलाय राव! हाच वेगळा लेख करा.

मला एकाच माणसाबद्दल बोलायचंय, उपमुख्याध्यापक उचियामादा. कॉलेजला असताना बघितलं तेव्हा त्याचा राग यायचा, आता माझं वय त्याच्याकडे सरकतंय आणि मी त्याच्या बाजूने आहे. चांगल्या युनिव्हर्सिटीतला माणूस, नाकासमोर चालला, आयुष्यभर वाकला, घरी बायको आणि मुलगी किंमत देत नाहीत, आणि जगात त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू म्हणजे ती टोयोटा क्रेस्टा. तीच दरवेळी चेपणार. त्याला शिस्त का हवीये कळतं हो, नियम पाळून त्याला काही मिळालं नाही, तर नियम मोडणाऱ्याला मिळालेलं बघून पोटात दुखणारच. फुजिसावाने त्याला नुसता खलनायक ठेवला नाही, हे मला लेखकाचं मोठेपण वाटतं.

अनवट

सगळे कौतुक करतायत, मी जरा दुसरी बाजू मांडते आणि ती महत्त्वाची आहे.

जीटीओ मी अलीकडे परत लावलं आणि काही भाग पुढे ढकलावे लागले. किकुची योशितोचं प्रकरण आठवा. वर्गातला कॉम्प्युटरवाला हुशार पोरगा ओनिझुकाचे खोटे अश्लील फोटो बनवून शाळाभर चिकटवतो. ओनिझुका चिडत नाही, खूश होतो, ही काय कला आहे म्हणतो, इथपर्यंत ठीक, पोराचं हत्यार त्याने एका फटक्यात बोथट केलं. पण लगेच तो त्याला सांगतो की शाळेतल्या फुयुत्सुकी बाईंचेही असे बनवून दे. आणि ते विनोद म्हणून येतं. आता विचार करा, याच मालिकेत तेशिगावारा नावाचा गणिताचा मास्तर आहे, तो फुयुत्सुकी बाईंच्या मागे लागलेला, त्यांचे चोरून फोटो जमवणारा, आणि त्याला मालिका विकृत ठरवते. मग दोघांत फरक काय? एक कोट-टाय घालून करतो आणि एक हसत हसत करतो? फुयुत्सुकी बाई स्वतः नव्या, प्रामाणिक, शिकवायची तळमळ असलेल्या शिक्षिका आहेत आणि त्यांच्या वाट्याला लेखकाने हेच दिलं. आजच्या काळात तर खोट्या फोटोंनी मुलींचं काय होतं ते आपण रोज वाचतो.

मांगा यात अ‍ॅनिमेपेक्षा जास्त वाईट आहे. म्हणून माझं मत गोकुसेनला. एका बाईने लिहिलेलं आहे, बाईंच्या मासिकात आलेलं आहे, आणि ते जाणवतं. मुलांनी भरलेल्या शाळेत एकटी बाई, तरी गोष्ट तिच्या शरीराभोवती फिरत नाही, तिच्या हिमतीभोवती फिरते.

जुनी_कॅसेट

अनवट, पूर्ण अनुमोदन. तेशिगावारा आणि ओनिझुका शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं, आणि एकदा बघितलं की सुटका नाही. कोणाला मालिका सुचवताना हे आधी सांगायलाच हवं. भिंतीचं दृश्य माझ्यासाठी तेवढंच मोठं राहतं, पण फुयुत्सुकी बाईंवर अन्याय झालाय हेही तेवढंच खरं.

खडूफळाताई, 'वर्ग ठरवतो' हे फार नेमकं आहे. किकुची, मुराई, अन्को, उरुमी ही वर्गातली पोरं एकेक करून ओनिझुकाकडे येतात ते त्याच्या बोलण्याने नाही, आधी आलेल्यांकडे बघून येतात. मुराई आला म्हणून त्याचे दोन मित्र आले. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीसारखंच.

पाटीपेन्सिल

यांचे सगळ्यांचे आजोबा म्हणजे किनपाची सेन्सेई (सेन्सेई म्हणजे मास्तर), ते राहिलेच. अ‍ॅनिमे नाही, टीव्ही मालिका, १९७९ ला सुरू झाली आणि अधूनमधून २०११ पर्यंत आली, तेत्सुया ताकेदा लांब केस ठेवून वर्गात उभा राहायचा. दुसऱ्या पर्वात एका शाळेने काढलेला पोरगा त्याच्या वर्गात येतो, आणि नासकं संत्रं पेटीत ठेवलं की सगळी पेटी नासते या हिशोबावर किनपाची भांडतो, आम्ही संत्री नाही माणसं घडवतोय म्हणून. पुढे पोलीस पोरांना पकडून नेतात आणि मागे मियुकी नाकाजिमाचं गाणं वाजतं, ते बघून मी ढसाढसा रडलो होतो, सबटायटल धड नव्हते तरी.

फरक असा की किनपाची बोलतो. त्याची सगळी ताकद भाषणात. ओनिझुका त्याच्या बरोबर उलट, त्याला बोलताच येत नाही, करून दाखवतो. जपानी प्रेक्षकाने वीस वर्षं भाषणं ऐकल्यावर त्यांना हा आवडला यात नवल नाही.

खडूफळा

पाटीपेन्सिल, संत्र्यांची पेटी आमच्या स्टाफरूममध्ये रोज उघडते, फक्त आमच्याकडे आंबे असतात.

निशीकासाईकर, एक विचारायचं होतं, वर्गशिक्षक घरी जातात हे तिथे खरंच होतं का? आमच्याकडे पालकांना शाळेत बोलावतात, आणि ज्यांनी यायला हवं तेच नेमके येत नाहीत.

निशीकासाईकर

हो, होतं. नवीन वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिल्या महिना-दीड महिन्यात वर्गशिक्षक घरोघरी येतात. वेळापत्रक आधी मिळतं, दहा-पंधरा मिनिटं, बरेचदा दारातच उभ्याने बोलणं. कोविडनंतर बऱ्याच शाळांनी कमी केलं. आमच्याकडे मुलीच्या पहिलीच्या बाई आल्या होत्या, चहा घेतला नाही, बूट काढले नाहीत, पण मुलगी अभ्यासाला कुठे बसते ते विचारलं, दारातूनच ती जागा बघितली आणि वहीत टिपून घेतलं. पुढे वर्षभर मुलीला लिहिताना त्रास होतोय म्हटल्यावर बाईंनी आधी त्या टेबलाची उंची विचारली. ओनिझुका मिझुकीच्या घरी जातो ते म्हणजे हीच पद्धत, फक्त घण जास्तीचा.

बोंबील_फ्राय

असासिनेशन क्लासरूम यात धरायचं का? तितकं जुनं नाही, २०१५ चं, पण वंश तोच. आणि एका बाबतीत ते जीटीओच्या पुढे गेलंय. ३-ई हा वर्ग शाळेने मुद्दाम खाली ठेवलाय, डोंगरावरच्या पडक्या इमारतीत, म्हणजे बाकीची पोरं भीतीने अभ्यास करतील. तिथे दोष कोणा एका बापाचा किंवा बाईचा नाही, शाळेचा आराखडाच तसा आहे. जुनी कॅसेट, तुमच्या 'कोणामुळे झालं' या प्रश्नाचं उत्तर तिथे एका दारात सापडत नाही. आणि शिवाय त्यातला मास्तर कोरोसेन्सेई खरोखर शिकवतो, प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका काढून देतो, खडूफळाताईंची तक्रार मिटेल.

रानजाई

माझा भाचा १३ चा आहे, वर्गात त्याला त्रास होतोय असं ताई म्हणते, तो बोलत काही नाही. अ‍ॅनिमे मात्र बघतो. यातलं काय लावून देऊ?

खडूफळा

रानजाई, आधी असासिनेशन क्लासरूम लावा, सोबत बसून. मग गोकुसेन. जीटीओ आत्ता नको, दोन-तीन वर्षांनी, आणि अनवट यांनी लिहिलंय ते त्याच्याशी बोलून मग. योशिकावाचा भाग त्याला एकट्याला तर अजिबात बघू देऊ नका. आणि मालिकेच्या भरवशावर राहू नका, ताईला म्हणावं वर्गशिक्षकांना याच आठवड्यात भेट, फोनवर नको, समोर बसून. कोण त्रास देतं हे न विचारता डबा कोणाबरोबर खातो, घरी कोणाबरोबर येतो हे विचारायचं, मुलं त्याचं उत्तर देतात. काही लागलं तर मला निरोप पाठवा, मी ताईंशी बोलेन.

रानजाई

खडूफळाताई, निरोप पाठवलाय. ताई सोमवारी शाळेत जातेय.